मानलेल्या बहिणी : आयोवा आणि यामानाशी

आपल्याकडे नाती दोन तऱ्हेची. एक रक्ताचे आणि दुसरे मानलेले. रक्ताचे नाते जन्माबरोबर येते, त्याला कारण विचारावे लागत नाही. मानलेल्या नात्यामागे मात्र नेहमी काहीतरी प्रसंग असतो. खेड्यात एखाद्याला विचारून पाहा, "ही तुमची बहीण कुठली हो?" तो आडनाव सांगत बसणार नाही. "ज्या साली आमचे घर जळाले, त्या साली हिच्या घरून भाकरी आली," असे काहीतरी सांगेल. भाकरीची आठवण आहे तोवर नाते आहे, असा हा साधा हिशेब आहे.

वाचकहो, अलीकडच्या काळात राज्याराज्यांतही अशी नाती जोडण्याची पद्धत पडली आहे. एका देशातील राज्य दुसऱ्या देशातील एखाद्या राज्याला किंवा प्रांताला आपली बहीण मानते. मग शिष्टमंडळे येतात-जातात, करारावर सह्या होतात, हारतुरे होतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते. हे सारे वाचताना शेतकऱ्याच्या मनात आणि शाळेतल्या मास्तरांच्याही मनात एक रास्त प्रश्न येतो, की यातून पुढे होते काय? त्याचे उत्तर इतिहासात शोधायचे, तर एका जुन्या जोडीकडे जावे लागेल. त्या जोडीची कथा मक्याची आहे, पुराची आहे आणि, हसू नका, डुकरांची आहे.

या दोन बहिणींपैकी पहिली आयोवा. हे अमेरिकेच्या मध्यावरचे राज्य. पूर्वेला मिसिसिपी नदी, पश्चिमेला मिसुरी नदी आणि मध्ये काळ्याभोर जमिनीचा लांबच लांब पट्टा. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे कमी आणि लोकवस्ती अवघी तीस-बत्तीस लाख. अमेरिकेत मका पिकवण्यात हे राज्य अग्रेसर, आणि डुकरे पाळण्यात तर पहिले. आजही तेथे माणसांपेक्षा डुकरांची संख्या कितीतरी पट आहे, दोन कोटींच्या वर. आपल्याकडे या जनावराचे नाव काढले की कोणी नाक मुरडील, पण तिकडचा शेतकरी त्याला घरावरचे कर्ज फेडणारे जनावर म्हणत आला आहे. मका पोत्यात भरून विकला तर चार पैसे मिळतात. तोच जनावरांना खुराक म्हणून घातला तर त्याचे मांस होते आणि पैसा वाढतो. आपला शेतकरी कडबा-पेंड म्हशीला घालून दूध विकतो, तसाच हा व्यवहार.

दुसरी बहीण यामानाशी. हा जपानमधला प्रांत. तोकियोच्या पश्चिमेला, डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेला. समुद्रकिनारा नाही. दक्षिण सीमेवर फुजी पर्वत उभा आहे. क्षेत्रफळ साधारण आपल्या आजच्या ठाणे जिल्ह्याएवढे, आणि त्यातलाही फार मोठा भाग डोंगर आणि जंगल. जी थोडी सपाट जमीन आहे ती कोफू शहराभोवतीच्या खोऱ्यात. द्राक्षे आणि पीच ही फळे, पूर्वी रेशमाचे किडे आणि भाताची खाचरे, अशी तिथली शेती. डोंगरातून उतरणाऱ्या कामानाशी आणि फुएफुकी या नद्या खोऱ्यात येऊन मिळतात आणि पुढे फुजी नदी म्हणून समुद्राकडे धावतात. पुराचे भय तेथे पिढीजात. सोळाव्या शतकात ताकेदा शिंगेन या सरदाराने नदीचा जोर मोडण्यासाठी बांध घातले. त्याच्या नावाचे बांध तेथे आजही दाखवतात.

आता पाहा, एकीकडे सपाट आणि ऐसपैस आयोवा, दुसरीकडे चिंचोळी, डोंगराळ यामानाशी. मध्ये अर्धी पृथ्वी. भाषा वेगळी, धर्म वेगळा, अन्न वेगळे. आणि याहून मोठी अडचण म्हणजे मध्ये युद्ध होऊन गेलेले. १९४१ ते १९४५ या काळात हे दोन देश एकमेकांच्या जिवावर उठले होते. ६ जुलै १९४५ च्या रात्री अमेरिकी विमानांनी कोफू शहरावर आगीचे बॉम्ब टाकले. एका रात्रीत शहराचा बराचसा भाग जळून गेला आणि अकराशेहून अधिक माणसे मेली. महिन्याभराने हिरोशिमा आणि नागासाकी येथे काय झाले, ते शिक्षकांनी वर्गात शिकवलेलेच आहे. इकडे अमेरिकेतल्या अनेक घरांतलीही मुले पॅसिफिकच्या लढाईत मारली गेली होती. तेव्हा या दोघी बहिणी होतील, असे १९४५ साली कोणी म्हटले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते.

युद्ध संपले आणि जपानमध्ये अमेरिकेचे सैन्य राहू लागले. त्या सैन्यात आयोवाचा रिचर्ड थॉमस नावाचा एक जवान होता. यामानाशीत त्याचे वास्तव्य झाले, तिथल्या लोकांशी त्याचा घरोबा झाला. तो काही मोठा अधिकारी नव्हता. पुढे हवाई दलात मास्टर सार्जंट झाला, म्हणजे आपल्या भाषेत हवालदार-सुभेदारांच्या पंक्तीतला माणूस. पण जिथे राहिलो तिथल्या माणसांची ओळख त्याने ठेवली. १९५६ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एक मोहीम काढली, की सरकारांनी सरकारांशी बोलावेच, पण सामान्य लोकांनीही परदेशातल्या सामान्य लोकांशी संबंध जोडावेत. त्या वाऱ्यात १९५८ साली आयोवाची राजधानी डेस मॉइन आणि यामानाशीची राजधानी कोफू ही भगिनी-शहरे झाली. तोवर हे नाते पत्रव्यवहाराचे आणि सदिच्छांचे होते. कसोटी पुढे लागायची होती.

ती लागली १९५९ साली. ऑगस्टच्या मध्यास एक मोठे वादळ यामानाशीवर आदळले. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच २६ सप्टेंबरला दुसरे वादळ आले. या दुसऱ्या वादळाला जपानी लोक इसे आखाताचे वादळ म्हणतात. संपूर्ण जपानात त्यात पाच हजारांवर माणसे मृत वा बेपत्ता झाली. सर्वांत मोठा संहार नागोया शहराच्या परिसरात झाला. यामानाशीच्या वाट्याला दोन्ही वादळांचे पाणी आले. बांध फुटले, शेतांत गाळ आणि धोंडे येऊन बसले, घरे गेली आणि गोठ्यातली जनावरे वाहून गेली. ज्याच्या शेतात एकदा असा पूर येऊन गेला आहे, त्याला यापुढचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पीक गेले तर पुढच्या साली येते. पण बियाणे आणि पैदाशीची जनावरे गेली, की पुढचे सालही हातातून जाते.

ही बातमी थॉमसच्या कानावर गेली. अशा वेळी परदेशी माणसे काय पाठवतात, ते आपल्याला ठाऊक आहे. कपडे, औषधे, डबाबंद अन्न, थोडा पैसा. त्या वस्तूही लागतात. पण थॉमसला सुचले ते निराळे. आपल्या राज्यात काय भरपूर आहे? डुकरे आणि मका. यामानाशीत काय बुडाले आहे? जनावरे आणि चारा. मग आपल्या गोठ्यातली पैदाशीची डुकरे तिकडे का पाठवू नयेत, आणि ती तिकडे रुळेपर्यंत पुरेल इतका मका का देऊ नये?

कल्पना साधी, पण अंमलात आणणे कठीण. जनावरे जहाजाने पाठवायची तर महासागर ओलांडेपर्यंत कित्येक दिवस जातील. थॉमसने खटपट करून हवाई दलाचे विमान मिळवले. आयोवाच्या शेतकऱ्यांनी चांगल्या जातीची निवडक डुकरे दिली. मका-उत्पादकांची संघटना आयोवातल्याच बून गावी १९५७ साली स्थापन झाली होती. तिने मक्याच्या कामात पुढाकार घेतला. जानेवारी १९६० मध्ये, आयोवात कडाक्याची थंडी असताना, ३६ डुकरे विमानात चढवण्यात आली. वाटेत एक दगावले आणि ३५ जपानच्या भूमीवर उतरली. त्यांच्यामागून सुमारे दीड हजार टन मका जहाजाने गेला. पंधरा वर्षांपूर्वी ज्या देशाची विमाने आग घेऊन आली होती, त्याच देशाचे विमान या वेळी जिवंत जनावरे घेऊन उतरले. कोफूच्या म्हाताऱ्या माणसांना त्या क्षणी काय वाटले असेल, याची कल्पना आपण आपल्या मनाशीच करावी.

आता शिक्षकांनी येथे थोडे थांबून मुलांना एक गणित घालावे. पस्तीस डुकरे म्हणजे किती? एका गावच्या जेवणावळीला कशीबशी पुरतील. कापून खाल्ली असती तर आठवड्याभरात संपली असती आणि कथाही तिथेच संपली असती. पण यामानाशीच्या अधिकाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी ती खाल्ली नाहीत. त्यांची निगा राखली, पैदास केली आणि पिले वाटली. तीन वर्षांत त्यांची संख्या पाचशेच्या घरात गेली. नऊ वर्षांनी जपानभर या कळपाशी नाते सांगणारी डुकरे पाच लाखांवर गेली होती, असे आयोवाचे लोक अभिमानाने सांगतात. तो आकडा मोजणारा मोजो. पण वाढ कोणत्या वेगाने होते हे मुलांच्या ध्यानात यावे. गहू दळून खाल्ला तर एकदाच पोट भरतो, पेरला तर दरसाल भरतो. मदतीचेही तसेच आहे.

त्याच वर्षी, म्हणजे १९६० साली, आयोवा आणि यामानाशी रीतसर भगिनी-राज्ये झाली. त्या वेळी आयोवाचे गव्हर्नर हर्शेल लव्हलेस होते आणि यामानाशीचे गव्हर्नर हिसाशी आमानो. अमेरिकेतले एक राज्य आणि जपानमधला एक प्रांत यांच्यातील ही पहिली अशी जोडी मानली जाते. यातला क्रम लक्षात घ्या, वाचकहो. आधी मदत गेली, मग करार झाला. पुढे १९६२ साली यामानाशीच्या लोकांनी कृतज्ञता म्हणून एक मोठी जपानी घंटा आणि तिच्यासाठी मंडप आयोवाला भेट दिला. डेस मॉइनमध्ये विधानभवनाच्या आवारात ती घंटा उभी आहे. आणि १९९३ साली मिसिसिपीच्या खोऱ्यात महापूर येऊन आयोवाची शेते व शहरे पाण्याखाली गेली, तेव्हा यामानाशीच्या लोकांनी इकडे मदत पाठवली. तेहतीस वर्षांनी भाकरीची परतफेड झाली.

येथवरची कथा ऐकून कोणी म्हणेल, "व्वा! किती उदार माणसे." उदार होतीच. पण इतिहासाच्या अभ्यासकाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहासाचे कीर्तन होते. १९५०च्या दशकात अमेरिकेत मक्याचे पीक इतके येऊ लागले होते की कोठारे भरून वाहत होती आणि भाव पडत होते. नव्या गिऱ्हाइकाची गरज तिकडच्या शेतकऱ्यालाही होती. जपानमध्ये युद्धानंतर हाताला पैसा येऊ लागला होता आणि लोकांच्या ताटात मांस, अंडी, दूध वाढू लागले होते. पण जनावरांचा खुराक पिकवायला जमीन नव्हती. डुकरे तिकडे गेली म्हणजे त्यांना मका लागणार, आणि मका कोणाकडे आहे? आयोवाकडे! हे न कळण्याइतके आयोवाचे शेतकरी भोळे नव्हते. १९६० सालीच अमेरिकेतील खुराकाच्या धान्याची निर्यात वाढवणारी एक मंडळी स्थापन झाली, आणि परदेशातील तिच्या पहिल्या कचेऱ्यांत टोकियोची कचेरी होती. पुढची कित्येक दशके जपान हा अमेरिकी मक्याचा मोठ्यात मोठा ग्राहक राहिला. अमेरिकी डुकराच्या मांसाचेही तो मोठे गिऱ्हाईक झाला.

मग ही मैत्री म्हणायची की व्यापार? माझे म्हणणे असे, की हा प्रश्नच शेतकऱ्याला पडत नाही, तो आम्हा शिकलेल्यांनाच पडतो. गावातला वाणी अडीअडचणीला उधार देतो आणि सुगीला वसूल करतो. तो लुबाडणारा निघाला तर आपण त्याला शिव्या देतो. पण सचोटीचा असेल तर त्याच्या घरच्या लग्नात आपण अक्षता टाकायला जातो. व्यवहार आहे म्हणून नाते खोटे ठरत नाही. पाहायचे एवढेच, की व्यवहारात दोघांचे भले होते की एकाचेच. यामानाशीला जनावरे मिळाली आणि पशुपालनाचा धंदा उभा करता आला. आयोवाला बाजारपेठ मिळाली. दोघींच्या पदरात काही पडले, म्हणून दोघींनी नाते टिकवले.

अशा नात्याला मर्यादाही आहेत, आणि त्या लपवू नयेत. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे कोणत्याही राज्याला परराष्ट्राशी तह करता येत नाही. आपल्या घटनेतही परराष्ट्रव्यवहार हा केंद्राचा विषय आहे. त्यामुळे भगिनी-राज्यांचा करार हा तह नव्हे, तो परस्परांना दिलेला शब्द आहे. जकात किती लावायची, आयात उघडायची की बंद करायची, हे राजधानीत ठरते. याचा अनुभव आयोवाला दुसऱ्या एका बहिणीच्या बाबतीत आला. १९८३ साली आयोवाने चीनच्या हपै प्रांताशी असेच नाते जोडले. १९८५ साली त्या प्रांतातून शेतीची पाहणी करण्यास एक लहानसे शिष्टमंडळ आले, आणि मस्कटीन या गावी एका साध्या कुटुंबाच्या घरी त्यांतला एक तरुण अधिकारी उतरला. त्याचे नाव शी जिनपिंग. पुढे तो चीनचा सर्वोच्च नेता झाला. २०१२ साली, उपाध्यक्ष असताना, तो जुन्या यजमानांना भेटायला मस्कटीनला पुन्हा आलाही. आयोवाचे सोयाबीन चीनला जात होते, सारे छान चालले होते. पण २०१८ साली अमेरिका आणि चीन यांच्यात जकातीचे युद्ध पेटले. त्या वर्षीच्या जुलैत चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा जकात बसवली, भाव कोसळले आणि आयोवाच्या शेतकऱ्याला झळ लागली. जुनी ओळख तेव्हा आड आली नाही. थोरल्यांच्या भांडणात धाकट्यांचे स्नेह असेच भरडले जातात.

मग अशा नात्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा, की थोरल्यांचे भांडण निवळल्यावर बोलायला कोणीतरी ओळखीचे असते. आणि आपत्ती आली की सरकारी कागदाची वाट न पाहता हात पुढे करणारे कोणी असते. थॉमस यामानाशीला ओळखत होता म्हणून त्याला मदत सुचली. ओळख नसती तर वादळाची ती बातमी आयोवाच्या वर्तमानपत्रातल्या चार ओळींत विरून गेली असती.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा आहे, असेही नाही. मुंबई आणि जपानचे योकोहामा ही शहरे १९६५ पासून भगिनी-शहरे आहेत. २०१३ साली महाराष्ट्राने जपानच्या वाकायामा प्रांताशी सहकार्याचा करार केला. आणि आयोवाशी तर आपल्या मातीचा आणखी एक धागा आहे. मेक्सिकन गव्हाच्या बुटक्या वाणांमुळे भारतात ज्यांचे नाव घरोघरी झाले, ते नॉर्मन बोरलॉग आयोवाच्याच एका शेतकऱ्याचे पुत्र. त्यांनी सुरू केलेला जागतिक अन्न पुरस्कार देणारी संस्था डेस मॉइन शहरात आहे, आणि १९९८ साली तो पुरस्कार मिळाला जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना. १९६४ साली जालन्यात त्यांनी बियाण्यांची कंपनी काढली, तिच्या कामाचा तो गौरव होता. येथेही पुन्हा गोष्ट बियाण्याचीच निघाली, नाही का?

तेव्हा यापुढे अमुक राज्याचा तमुक प्रांताशी करार झाला, अशी बातमी वाचाल तेव्हा ती थट्टेवारी नेऊ नका, आणि तिने भारावूनही जाऊ नका. शांतपणे तीन प्रश्न विचारा. त्यांच्याकडे काय भरपूर आहे आणि आपल्याकडे काय कमी आहे, हे दोघांनी एकमेकांना सांगितले आहे काय? जे दिले-घेतले जाणार आहे ते एकदाच खाऊन संपणारे आहे, की पेरले तर वाढणारे आहे? आणि त्यात शेतकरी, कारागीर, विद्यार्थी यांच्यापैकी कोणी प्रत्यक्ष जाणार-येणार आहे काय? शिक्षकांनी हे प्रश्न नकाशासमोर उभे राहून मुलांना विचारावेत. आयोवा दाखवावे, यामानाशी दाखवावी, मधला अफाट महासागर दाखवावा आणि विचारावे, हे पाणी पस्तीस डुकरांनी कसे ओलांडले असेल बरे? मुले आधी हसतील. हसू द्या. मग त्यांना ती कथा सांगा.